तीन संस्थांची मर्यादा पुरेशी नाही

एका कर्जदाराला तीनपेक्षा जास्त सूक्ष्मवित्त संस्थांनी कर्ज देऊ नये, हे १ एप्रिल २०२५ पासूनचे बंधन योग्यच आहे. पण बँका पुढे आल्या नाहीत तर कळंबचा छोटा व्यावसायिक सावकाराच्या दारात जाईल, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिसऱ्या संस्थेचा हप्ता चौथ्या संस्थेच्या कर्जातून भरण्याची सवय घातक होती. ती मोडली, हे बरे झाले. मात्र हप्ता थांबलेला नाही. कळंबच्या चिंतामणी मंदिराजवळ हार-नारळ विकणारी, शिलाईकाम करणारी किंवा गावात किराणा चालवणारी बाई वर्षभर सारखी कमावत नाही. कापसाचे पैसे दिवाळीच्या आसपास हाती येतात, तेव्हा गल्ला भरतो. त्याआधीचे महिने उधारीवर निघतात. हप्ते कुटुंबाच्या मासिक उत्पन्नाच्या निम्म्याहून जास्त नसावेत, हा रिझर्व्ह बँकेचा २०२२चा नियम चांगला आहे. पण बारा महिन्यांची सरासरी काढली की श्रावण-भाद्रपदाची ओढाताण कागदावर दिसतच नाही. नेमक्या त्याच दिवसांत बिनपरवाना सावकार उभा असतो.

बचत गटांना तीन लाखांपर्यंत ७ टक्के व्याजाने कर्ज देण्याची योजना आहे. तालुक्यातील बँकांनी गटांचे प्रलंबित अर्ज तातडीने निकाली काढावेत, हप्ते कापसाच्या हंगामाशी जोडावेत, आणि सहायक निबंधकांनी परवानाधारक सावकारांची यादी प्रत्येक ग्रामपंचायतीत लावावी. हे पेरणीपूर्वी झाले पाहिजे.