सोंगातला रोगी

मंडळी, बहुरूपी आपल्या ओळखीचा. सुगी झाली की दारात यायचा, कधी फौजदार होऊन, कधी डॉक्टर होऊन. भारुडातली सोंगे तर आपल्या घरचीच. आज ज्या सोंगाविषयी लिहिणार आहे ते मात्र रोग्याचे सोंग आहे. त्याच्याशी फोनवर बोलून औषधशास्त्राची मुले बोलायला शिकतात. हसू नका, यात तुमच्याआमच्या जिवाचा संबंध आहे.

मेडिकलच्या दुकानात आपण किती वेळ उभे राहतो, ते आठवा. चिठ्ठी पुढे करायची, पैसे द्यायचे, पिशवी घ्यायची. ‘सकाळ-संध्याकाळ एकेक’ एवढे कानावर पडते न पडते तोच मागचा माणूस चिठ्ठी पुढे सरकवतो. एस.टी. गाठायची असते, गाईंच्या धारा खोळंबलेल्या असतात. आपणही ‘हो हो’ म्हणून निघतो. घरी आल्यावर मग प्रश्न पडतो : ही पांढरी गोळी जेवणाआधी की नंतर?

कायदा याबाबतीत आपल्या बाजूचा आहे. औषध देणाऱ्याने रोग्याशी किंवा त्याच्या घरच्या माणसाशी स्वतः होऊन बोलावे, औषधाचे नाव, ते किती नि कसे घ्यायचे, काय त्रास होऊ शकतो, कुठे ठेवायचे, एखादी वेळ चुकली तर काय करायचे हे सांगावे, असे २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये लिहिले आहे. शक्यतो समोरासमोर, नाहीतर टेलिफोनवर, असेही त्यात आहे. आता किती दुकानांत हे होते ते तुम्हीच ठरवा. पण सगळा दोष दुकानातल्या पोराच्या माथी मारू नये. त्याने रसायने पाठ केलेली असतात. भाकरी-कालवण खाणाऱ्या माणसाला काय नि कसे विचारायचे, याचा सराव त्याच्याकडून कोणी करून घेतलेला नसतो.

त्यातून आता फोन आला. २५ मार्च २०२० रोजी केंद्र सरकारने दूरवरून वैद्यकीय सल्ला देण्याचे नियम काढले आणि एप्रिलमध्ये ‘ई-संजीवनी’वर रोग्याला घरून थेट डॉक्टरांशी बोलण्याची सोय झाली. उपकेंद्रातही समुदाय आरोग्य अधिकारी आपल्याला समोर बसवून पडद्यावर डॉक्टरांची गाठ घालून देतात. आणि मेडिकलवाल्या दादांना फोन करून ‘ती लाल गोळी संपली, दुसरी चालेल का’ असे विचारणे तर आपल्याकडे सर्रास चालते. समोर माणूस असला की त्याच्या चेहऱ्यावरून कळते की याला समजलेले नाही. फोनवर तेवढाही आधार नसतो.

म्हणून हे सोंग. १९६३ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसला हॉवर्ड बॅरोज नावाच्या मज्जातंतूंच्या डॉक्टरांनी एका धडधाकट बाईला रोग्याची भूमिका शिकवली आणि तिला विद्यार्थ्यांपुढे तपासायला बसवले. तेव्हा पुष्कळांनी टिंगल केली. पुढे जगभरच्या वैद्यकीय शाळांनी तीच रीत उचलली. २०२० च्या साथीत वर्ग बंद पडले तेव्हा परदेशातल्या अनेक फार्मसी कॉलेजांनी हे सोंगातले रोगी फोनवर आणि व्हिडिओवर आणले.

त्याची रीत अशी. एका खोलीत विद्यार्थी, दुसऱ्या खोलीत सोंगातला रोगी, मध्ये फोन. रोग्याजवळ एक कागद असतो. वय काय, आजार कोणता, कोणत्या गोळ्या चालू, हे त्यावर असतेच. पण खरी गंमत पुढे आहे. आपण होऊन काय सांगायचे आणि विचारल्याशिवाय काय सांगायचे नाही, हेही त्यावर लिहिलेले असते. दहा-पंधरा मिनिटे बोलणे होते. शिक्षक नुसते ऐकतात, टिपून ठेवतात. मग सोंग उतरवून तो रोगीच विद्यार्थ्याला सांगतो, ‘बाबा रे, तू मला मध्येच तोडलेस, म्हणून पुढचे मी बोललोच नाही.’ हे शिक्षकाने सांगण्यात आणि रोग्याने सांगण्यात फार फरक आहे.

आपल्या संगमनेर तालुक्यासाठी असा कागद लिहायचा तर तो कसा असावा? मी एक लिहून पाहिला. पन्नाशीचा शेतकरी, ऊस आणि टोमॅटो, चार वर्षांपासून मधुमेह, सकाळी एक आणि रात्री एक साखरेची गोळी. फोनवर म्हणतो, ‘गोळीने थकवा येतो, बंद केली तर चालेल का?’ कच्चा विद्यार्थी लगेच सांगेल, ‘बंद करू नका, डॉक्टरांना दाखवा.’ चूक काहीच नाही, पण रोगी आहे तिथेच राहिला. जाणता विद्यार्थी विचारील, ‘थकवा कोणत्या वेळी येतो, काका? रात्रीचे जेवता केव्हा?’ मग कागदावरची लपवलेली गोष्ट बाहेर येते. काकांच्या फीडरला आठवड्याआड रात्रीची वीज येते. त्या आठवड्यात ते गोळी घेतात, चहा पितात आणि पाणी भरायला निघतात. भाकरी आल्यावर खायची. दोनच्या सुमाराला हातपाय थरथरतात, दरदरून घाम सुटतो, डोके फिरते. मोटार शेजारी, विहीर शेजारी, माणूस एकटा. हा थकवा नव्हे, मंडळी. काही गोळ्यांवर पोटात अन्न नसले की रक्तातली साखर धोक्याइतकी उतरते, तीच ही लक्षणे. शुद्धीवर असताना ताबडतोब साखर किंवा गूळ खायचा, मग भाकरी खायची, आणि गोळीची वेळ डॉक्टरांकडून बदलून घ्यायची. घरच्यांना मात्र वाटते, गडी पिऊन आला. एका प्रश्नाने जो उलगडा होतो, तो प्रश्न पुस्तकात सापडत नाही. संगमनेरच्या पोराला रात्रपाळीची वीज ठाऊक असते. औषध देताना ती आठवावी, एवढाच सराव हवा.

दुसरा कागद सुनेचा लिहीन. फोन स्पीकरवर, ओट्यावर सासरे बसलेले, आणि विचारायचे आहे अंगावरून पाणी जाते त्याविषयी. ती ‘जरा कणकण आहे’ म्हणून थांबते. इथे विद्यार्थ्याने ओळखावे की वहिनी मोकळेपणी बोलत नाहीत, आणि म्हणावे, ‘फोन हातात घेऊन आत जाता का? मी थांबतो.’

आपल्याकडेही दार बंद नाही. फार्मसी कौन्सिलने २०२० साली डी. फार्म.चा जो नवा अभ्यासक्रम ठरवला, त्यात रक्तदाब, मधुमेह, दमा, क्षय अशा आजारांवर रोग्याला कसे समजावायचे, याचा सराव भूमिका वठवून करायचा आहे. संगमनेरात अमृतवाहिनीचे फार्मसी कॉलेज आहे, आसपासच्या तालुक्यांतही अशी कॉलेजे आहेत. आपल्या गावची पोरेपोरी तिथे शिकतात. भूमिका वठवायची म्हटले की साहजिकच वर्गमित्राला रोगी करतात. माझ्या मते तो रोगी कुचकामी. त्याला औषधांची इंग्रजी नावे पाठ, आणि मित्र पास व्हावा ही इच्छा! त्यापेक्षा निमोण-साकूरकडची एखादी आजी, निवृत्त गुरुजी, बचत गटातल्या मावशी बसवाव्यात. त्या म्हणतील ‘छातीत जळजळतंय आन् गोळी लई कडूय’, तेव्हा पोराची खरी परीक्षा. त्यांना गाडीभाडे आणि दिवसाची मजुरी मात्र दिली पाहिजे. सगळी सोंगे आणता येतात, पैशाचे सोंग आणता येत नाही. कॉलेजात ओळख असेल तर हे सुचवून पाहा, आणि बोलावणे आले तर लाजू नका.

हे झाले त्यांचे. आपणही फोन करताना थोडी तयारी ठेवावी. घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून पिशवी मांडीवर घ्या. गुडघेदुखीसाठी परस्पर आणलेली गोळी, काढा, चूर्ण, सगळे तीत असू द्या; दुखण्यावरच्या काही गोळ्या रक्तदाब वाढवतात आणि मूत्रपिंडाला जाच करतात, पण ‘ती काय, साधीच’ म्हणून आपण सांगतच नाही. उपवास कोणते करता तेही सांगा. आणि समोरच्याने सांगितलेले आपल्या शब्दांत परत म्हणून दाखवा. शिकलेला औषधवाला ते स्वतःच विचारतो, ‘आता घरी मावशींना कसे सांगाल, मला सांगा बरे.’ तो तुम्हाला अडाणी समजतो असे मानू नका. तो आपलेच सांगणे तपासत असतो.

घरात कोणी इन्शुलिन घेत असेल तर व्हिडिओवर सिरिंज आणि बाटली दोन्ही कॅमेऱ्यापुढे धरा. आपल्याकडे बाटलीत बहुधा ‘४०’चे इन्शुलिन मिळते, त्याची सिरिंज लाल झाकणाची. नारिंगी झाकणाची सिरिंज ‘१००’ची. लाल झाकणाच्या सिरिंजमध्ये ‘१००’चे इन्शुलिन वीसच्या खुणेपर्यंत भरले, तर वीसऐवजी पन्नास युनिट अंगात जाते. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा एकच आहे ना, हे आज संध्याकाळी दिवा लावल्यावर पाहून घ्या. वेगळा निघाला तर सुई टोचण्याआधी फोन करा.