दिव्यांना बिनतारी आज्ञा

नाताळ जवळ येऊ लागला की आमच्या तरुण वाचकांकडून एक पृच्छा हटकून येते: गोठ्यातील रंगीत एलईडी दिवे मध्ये तार न ओढता संगणकावरून कसे चालवावेत? तयार सामग्री बाजारात मिळते खरी. पण ज्यांना ती स्वहस्ते जुळवावयाची आहे त्यांच्याशीच आज आम्हांस चार शब्द बोलावयाचे आहेत.

मांडणी साधी आहे. संगणकाच्या यूएसबी पोर्टास एक आर्डुइनो जोडावा व त्यास एनआरएफ२४एल०१ हा चिमुकला बिनतारी संच लावावा. असाच दुसरा जोड गोठ्यापाशी असावा. या संचास ३.३ व्होल्टच द्यावेत. ५ व्होल्ट दिल्यास तो निकामी होण्याचा संभव असतो. संगणक पहिल्या आर्डुइनोस आज्ञा सांगतो, ती हवेतून दुसऱ्याकडे जाते आणि तो दिवे उजळतो.

मात्र आज्ञा काय धाडावी, याचा विचार फारसा कोणी करीत नाही. डब्ल्यूएस२८१२बी जातीच्या प्रत्येक दिव्यास तांबडा, हिरवा व निळा यांचे मिळून ३ बाइट लागतात. म्हणजे १५० दिव्यांस ४५०. या संचाच्या एका पाकिटात मावतात अवघे ३२. एकेका दृश्यासाठी पंधरा पाकिटे धाडावयाची, आणि त्यांतील एखादे वाटेत हरवले तर अर्धा गोठा निळा नि अर्धा तांबडा! त्यापेक्षा पहाट, रात्र, चांदणी ही दृश्ये गोठ्याजवळच्या आर्डुइनोस आधीच शिकवून ठेवावीत व हवेतून केवळ दृश्याचा क्रमांक धाडावा.

दुसरी गोष्ट याहून सूक्ष्म आहे. आज्ञा मिळताच संच उलट पोच देतो. पोच न आल्यास धाडणारा संच स्वतःहून पंधरा वेळांपर्यंत पुन्हा प्रयत्न करतो, आणि ऐकणारा अशी दुबार पाकिटे ओळखून टाकून देतो. परंतु तेही प्रयत्न सरले व आपल्या प्रोग्रामने तीच आज्ञा पुन्हा धाडली, तर ऐकणारा तिला नवी समजतो. कदाचित पहिली आज्ञा पोहोचलेली असते. हरवलेली असते ती पोच. आज्ञा ‘दिवा बदल’ अशी असेल तर नुकताच लागलेला दिवा आता विझेल. ‘दिवा लाव’ अशी असेल तर दहादा ऐकूनही तो लागलेलाच राहील. म्हणून आज्ञेत नेहमी अंतिम स्थिती सांगावी.

आता विजेविषयी, कारण गोठ्यात गवत असते. पूर्ण पांढऱ्या उजेडात असा एक दिवा सुमारे ६० मिलिअँपिअर घेतो. १५० दिवे ९ अँपिअर, अर्थात ५ व्होल्टवर ४५ वॉट. हा भार आर्डुइनोच्या माथी कदापि मारू नये. दिव्यांस ५ व्होल्टचा स्वतंत्र पुरेसा पुरवठा द्यावा, त्याची व आर्डुइनोची ऋण तार एकत्र जोडावी, आणि पुरवठ्याच्या वाटेत फ्यूज घालावा. बारीक तारेतून ९ अँपिअर नेले की ती तापते, व तिच्यावर पेंढा पसरलेला असल्यास ते कोणाच्या ध्यानातही येत नाही! तार जाड घ्यावी आणि पट्टीस दोन्ही टोकांनी वीज द्यावी. फास्टएलईडी या लायब्ररीत एकूण प्रवाहावर मर्यादा घालण्याची सोय आहे, तीही वापरावी. सारे दिवे पूर्ण उजेडात ठेवून तासभर पट्टी व तारा हाताने चाचपाव्यात. पेंढा त्यानंतर अंथरावा.