विशेष शिक्षकांचे शिक्षक कुठे आहेत?

राज्यातील प्रत्येक केंद्राला एक याप्रमाणे विशेष शिक्षकांची ४,८६० पदे निर्माण करण्याचा निर्णय महाराष्ट्र सरकारने २०२४ च्या विधानसभा निवडणुकीपूर्वी घेतला. समग्र शिक्षा अभियानात वर्षानुवर्षे कंत्राटावर राबलेल्या शिक्षकांना त्यामुळे कायम होण्याची वाट दिसली. पाठोपाठ ७ मार्च २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सगळ्याच राज्यांना अशी पदे अधिसूचित करून भरण्यास सांगितले. दिव्यांग मुलांच्या पालकांनी ज्याची फार वाट पाहिली, ते घडू लागले आहे आणि त्याचे मनापासून स्वागत केले पाहिजे.

पण पदसंख्येच्या चर्चेत एक प्रश्न मागेच राहिला. या शिक्षकांना घडवायचे कोणी?

एका केंद्राखाली डझनभर, कुठे त्याहून अधिक शाळा येतात. तिथे नेमलेला विशेष शिक्षक एका शाळेत आठवड्यातून एखादा दिवस पोहोचला तरी खूप. उरलेले सगळे दिवस ते मूल वर्गशिक्षकाच्याच हाती असते. म्हणजे या विशेष शिक्षकाचे खरे काम दोन पातळ्यांवरचे आहे. मुलाला शिकवायचे आणि त्याहून अधिक म्हणजे, त्या मुलाला कसे शिकवावे हे वर्गशिक्षकाला शिकवायचे. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२२ मध्ये ठरवलेले प्रमाण पहिली ते पाचवीसाठी दहा मुलांमागे एक आणि सहावी ते आठवीसाठी पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक असे आहे. ते प्रमाण गाठेपर्यंत तरी हा दुसऱ्या पातळीवरचा भार टळणार नाही.

आता या शिक्षकाची तयारी पाहू. विशेष शिक्षणातील बी.एड. आणि एम.एड. हे दोन-दोन वर्षांचे अभ्यासक्रम भारतीय पुनर्वास परिषदेच्या म्हणजे आरसीआयच्या मान्यतेने चालतात. परिषदेच्या नोंदवहीत नाव नसताना हा व्यवसाय केला, तर १९९२ च्या कायद्यात एक वर्षापर्यंत कैदेची तरतूद आहे. इतकी ही नोंदणी गंभीर मानली जाते. हे अभ्यासक्रम प्रामुख्याने अपंगत्वाच्या प्रकारानुसार विभागलेले आहेत. कोणी श्रवणदोषात पदवी घेतो, कोणी दृष्टिदोषात, कोणी बौद्धिक अक्षमतेत. १९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे सात प्रकार होते, तेव्हा ही विभागणी कशीबशी पुरत होती. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याने ते एकवीस केले. स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता यांना कायद्यात स्थान मिळाले. कर्णबधिर मुलांना शिकवण्यात तयार झालेली शिक्षिका केंद्रावर रुजू होते, तेव्हा तिच्या यादीत एक स्वमग्न मुलगा, सेरेब्रल पाल्सी असलेली एक मुलगी आणि वाचता न येणारी, कोणताही दाखला नसलेली पाच-सहा मुले असू शकतात. तिने घेतलेले शिक्षण खरेच आहे. समोरचे काम मात्र वेगळे आहे. ही दरी भरून काढण्याची जागा पदव्युत्तर शिक्षण हीच आहे.

तिथे आडवी येते ती खात्यांची भिंत. सर्वसाधारण बी.एड. राष्ट्रीय शिक्षक शिक्षण परिषदेच्या अखत्यारीत, विशेष बी.एड. पुनर्वास परिषदेच्या. पहिल्या परिषदेचा संबंध शिक्षण मंत्रालयाशी, दुसरीचा सामाजिक न्याय मंत्रालयाशी. महाराष्ट्रातही विशेष शाळा दिव्यांग कल्याण विभागाकडे आणि बाकीच्या शाळा शालेय शिक्षण विभागाकडे आहेत. २०२२ च्या डिसेंबरमध्ये दिव्यांगांसाठी स्वतंत्र विभाग स्थापन करून राज्याने चांगले पाऊल टाकले, पण मूल एकच असले तरी त्याच्या फायली दोन ठिकाणी राहिल्या.

परिणाम दिसतो तो महाविद्यालयांत. सर्वसाधारण बी.एड. करणाऱ्या भावी शिक्षकाच्या वाट्याला २०१४ च्या आराखड्यानुसार समावेशक शाळेवरचा अर्धा पेपर येतो. तो बहुधा असे प्राध्यापक शिकवतात, ज्यांनी ब्रेलची पाटी हातात घेतलेली नसते किंवा एकाही मुलाचा वैयक्तिक शैक्षणिक आराखडा तयार केलेला नसतो. दोष त्यांचा नाही. त्यांनाही कोणी शिकवलेले नाही. दुसरीकडे विशेष शिक्षणात एम.एड. झालेली व्यक्ती पुन्हा विशेष बी.एड. महाविद्यालयातच शिकवायला जाते. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, चेंबूरला हशू अडवाणी महाविद्यालय आहे, एसएनडीटी विद्यापीठात या विषयाचा स्वतंत्र विभाग आहे. या संस्थांतले ज्ञान त्याच शहरातल्या साध्या बी.एड. वर्गापर्यंतही सहज पोहोचत नसेल, तर गडचिरोलीपर्यंत ते कसे पोहोचणार?

संशोधनाचा प्रश्न याहून मोठा आहे. वाचनातील अडचणींवरची बरीचशी पाठ्यपुस्तके इंग्रजी मुलांवर बेतलेली आहेत. ‘बी’ आणि ‘डी’ उलटे लिहिणारे मूल त्यांत हमखास भेटते. मराठी मुलाची अडचण वेगळीच असते. ऱ्हस्व वेलांटी लिहायची अक्षराच्या आधी आणि उच्चारायची नंतर. रफार उच्चारात आधी येतो आणि डोक्यावर चढतो पुढच्या अक्षराच्या. एकच ‘र’ चार रूपांत भेटतो. घ आणि ध, भ आणि म, थ आणि य यांच्यातला फरक एका छोट्या वळणाचा. जोडाक्षरे तर चौथीतल्या चांगल्या वाचकालाही अडवतात. यांतली कोणती चूक वयानुसार आपोआप जाते आणि कोणती अध्ययन अक्षमतेची खूण मानायची, हे मराठी मुलांचाच अभ्यास करून ठरवावे लागते. मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीसाठी ‘डाली’ हे चाचणी साधन आणले, त्यात वर्गशिक्षकाने वापरायच्या प्राथमिक चाचण्याही आहेत. ते मोलाचे काम आहे. पण एका संचावर एवढे मोठे राज्य चालत नाही.

त्यातही मेळघाटातले मूल घरी कोरकू बोलते, सातपुड्यातले पावरी किंवा भिली. पहिलीत त्याच्यासमोर प्रमाण मराठी येते. ते वाचनात मागे पडले, तर कारण भाषेची अनोळख आहे की अक्षमता? उत्तर चुकले तर नुकसान दोन्ही बाजूंनी होते. निरोगी मुलावर शिक्का बसतो किंवा ज्याला मदत हवी ते मूल ‘ढ’ म्हणून मागच्या बाकावर जाते. एम.एड.चे प्रबंध अशा प्रश्नांवर, जिल्हा परिषदेच्या शाळांत बसून आणि मराठीत लिहिले गेले पाहिजेत. हे आपल्याकडे पूर्वी झालेले आहे. व्ही. व्ही. कामत यांनी १९३० च्या दशकात धारवाडमध्ये बिने बुद्धिमापन चाचणी मराठी आणि कन्नड मुलांसाठी बेतली. तिचे निकष जुने झाले, तरी बिने-कामत चाचणी आजही अनेक दवाखान्यांत वापरली जाते. नव्वद वर्षांपूर्वीच्या कामावर आजही विसंबावे लागते, यात कामतांचा मोठेपणा आहे आणि पुढच्या पिढ्यांच्या संशोधनाची उणीवही.

उच्च शिक्षणाने या क्षेत्रात काय होऊ शकते, याचे उदाहरण मुंबईतच आहे. मिथू अलूर यांच्या मुलीला सेरेब्रल पाल्सी होती आणि तिला शिकवील अशी शाळा सापडत नव्हती. अलूर यांनी लंडनमध्ये विशेष शिक्षणाचा अभ्यास केला आणि १९७२ मध्ये मुंबईत स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया उभी केली. आज ती ‘अडॅप्ट’ या नावाने ओळखली जाते. पुढे त्यांनी लंडन विद्यापीठातून पीएच.डी. केली. अंगणवाडीसारख्या देशव्यापी योजनेतूनच दिव्यांग बालके कशी वगळली जातात, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता. एका आईची तक्रार कोणी फेटाळू शकते. कागदोपत्री सिद्ध केलेले धोरणातले छिद्र झाकता येत नाही.

ही छिद्रे अजून बुजलेली नाहीत. २०११ च्या जनगणनेच्या आधारे युनेस्कोने २०१९ मध्ये मांडले, की देशातील पाच वर्षांच्या दिव्यांग बालकांपैकी तीन चतुर्थांश आणि पाच ते एकोणीस वयोगटातील एक चतुर्थांश मुले कोणत्याही शिक्षणसंस्थेत जात नाहीत. या मुलांना शाळेपर्यंत आणायचे तर अंगणवाडी सेविकेपासून मुख्याध्यापकांपर्यंत सर्वांना शिकवणारे लोक लागतील.

विशेष शाळा बंद कराव्यात, असा याचा अर्थ नाही. २०१६ च्या कायद्याने सहा ते अठरा वयाच्या, लक्षणीय अपंगत्व असलेल्या मुलाला शेजारची शाळा किंवा विशेष शाळा निवडून मोफत शिकण्याचा हक्क दिला आहे. अंध आणि बधिर असे दुहेरी अपंगत्व असलेल्या मुलाच्या पालकांना तो पर्याय हवाच. मात्र दोन्ही प्रकारच्या शाळांत शिकवणारे एकाच मुशीत निदान काही काळ तरी एकत्र शिकले पाहिजेत.

त्यासाठी नवी विद्यापीठे लागत नाहीत. जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात जिल्हा शिक्षण व प्रशिक्षण संस्था आहे. तिथे विशेष शिक्षणातील पदव्युत्तर पदवीधारकाचे एक कायम पद हवे. सर्वसाधारण बी.एड.च्या वीस आठवड्यांच्या शालेय अनुभवातले किमान दोन आठवडे विशेष शाळेत किंवा संसाधन कक्षात घालवणे सक्तीचे करावे. आपल्या प्रकारापलीकडच्या मुलांसाठी काम करू इच्छिणाऱ्या विशेष शिक्षकांना नोकरीत राहून, पगारी रजेवर एम.एड. करता यावे. दोन्ही परिषदांनी एकमेकींच्या पदव्युत्तर पदव्यांना अध्यापनासाठी मान्यता द्यावी. हे शेवटचे दिल्लीत ठरेल, पण आधीचे बरेचसे मुंबईच्या मंत्रालयातून सुरू करता येईल. शालेय शिक्षण आणि दिव्यांग कल्याण या दोन्ही विभागांच्या मंत्र्यांनी एकत्र बसून ४,८६० पदांच्या भरतीसोबतच या जिल्हा संस्थांतील पदांची तरतूद पुढच्या अर्थसंकल्पात करावी.