पडदा आणि पटांगण

मुले मैदानावर येत नाहीत, सदान्‌कदा मोबाइलला चिकटून असतात, ही तक्रार आज घरोघरी, शिक्षकांच्या खोलीत आणि पालकसभेत सारख्याच कळवळ्याने केली जाते. तक्रार खरी आहे. मात्र ती करताना आपण मुलाला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करतो आणि स्वतः साक्षीदाराच्या जागी जाऊन बसतो, हे बरे नव्हे. आठ वर्षांच्या मुलाने मोबाइल विकत आणला नाही, गल्लीत मोटारी उभ्या केल्या नाहीत आणि शाळेच्या फाटकाला संध्याकाळी कुलूपही लावले नाही. ही तिन्ही कामे मोठ्या माणसांची आहेत. तेव्हा उपायाचा आरंभही मोठ्यांपासूनच व्हावयास हवा.

पडद्याला सरसकट शत्रू ठरविणे अन्यायाचे होईल. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या, तेव्हा याच यंत्राने शिक्षणाचा धागा तुटू दिला नाही. सुरगाणा, पेठ यांसारख्या तालुक्यांत ज्यांच्या घरी मोबाइल नव्हता किंवा ज्यांच्या पाड्यावर संपर्कच मिळत नव्हता, त्या मुलांचे नुकसान झाले, हेही आपण पाहिले आहे. परंतु संकटकाळात घरात आलेला हा पाहुणा संकट सरल्यावर घरधनी होऊन बसला. आता तर गृहपाठही व्हॉट्सॲपवर येतो. गृहपाठासाठी हाती घेतलेला मोबाइल खाली ठेवण्यासाठी जो निग्रह लागतो, तो पन्नाशीच्या गृहस्थालाही साधत नाही. मग बालकाकडून त्याची अपेक्षा कशी करावी?

वैद्यकशास्त्राचे म्हणणे याबाबतीत पुरेसे स्पष्ट आहे. दोन ते पाच वर्षांच्या मुलांनी दिवसाकाठी एक तासाहून अधिक आणि पाच ते दहा वर्षांच्या मुलांनी दोन तास वा त्याहून अधिक वेळ पडद्यापुढे घालवू नये, असे भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०२१ मध्ये सुचविले. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांना रोज सरासरी ६० मिनिटे घाम काढणारी हालचाल हवी, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. चीनमधील ग्वांगझू शहरातील १२ शाळांत झालेला एक प्रयोग २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातील निम्म्या शाळांत पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे अधिक उघड्यावर नेण्यात आले. तीन वर्षांनंतर त्या मुलांपैकी सुमारे ३० टक्के मुलांना दूरचे अंधुक दिसू लागले होते. उरलेल्या शाळांत हे प्रमाण सुमारे ३९ टक्के होते. औषध नाही, यंत्र नाही. केवळ आकाशाखाली घालविलेला वेळ!

आणि लाभ केवळ डोळ्यांचा नाही. लगोरीत वा आट्यापाट्यांत भांडण हटकून होते. परंतु ते मिटविल्याखेरीज खेळ पुढे जात नाही. कोण बाद झाला, डाव कोणाचा, याचा निवाडा मुलांनाच करावा लागतो. पडद्यावरील खेळात हरणारा मुलगा बोटाच्या एका स्पर्शाने खेळच बंद करू शकतो. हार पचविण्याचे आणि तडजोडीचे शिक्षण त्याला कोठे मिळणार?

दोन गावे, दोन वाटा

या प्रश्नाला २०२२ मध्ये महाराष्ट्रातील दोन गावांनी दोन निरनिराळी उत्तरे दिली. यवतमाळ जिल्ह्यातील पुसद तालुक्यातल्या बांशी गावाने अठरा वर्षांखालील मुलांना मोबाइल वापरण्यास मनाई करणारा ठराव केला. सांगली जिल्ह्यातील मोहित्यांचे वडगाव येथे संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत लहानथोर सर्वांनीच दूरदर्शन व मोबाइल बंद ठेवून तो वेळ अभ्यासाला, वाचनाला आणि परस्परांशी बोलण्याला द्यावा, असे ठरले. दोन्ही गावांच्या तळमळीविषयी शंका नाही. परंतु पहिल्या गावाचा नियम मुलांपुरता होता, दुसऱ्याने तो स्वतःलाही लावून घेतला. कचेरीतून परतलेला बाप मोबाइलवर बोट फिरवीत मुलाला ‘बाहेर जाऊन खेळ’ म्हणून सांगतो, तेव्हा मूल त्याचे शब्द ऐकत नाही, त्याचे बोट पाहते.

फाटकाचे कुलूप

परंतु बाहेर जाऊन खेळायचे कोठे? जुन्या नाशकातील वाड्यांना चौक होते, गल्ल्या मोकळ्या होत्या, गोदेचा घाट जवळ होता. आज वाड्यांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत आणि गल्लीत दुतर्फा वाहने. हुतात्मा अनंत कान्हेरे मैदान हे शहराचे भूषण खरे. पण सातपूर, अंबड वा पाथर्डी फाट्याच्या मुलाने रोज एकट्याने तेथे कसे जावे? लहान मुलाचे मैदान त्याला पायी गाठता यावे इतके जवळच हवे.

तसे मैदान बहुतेक वस्त्यांत आहे. ते शाळेचे आहे. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने प्रत्येक शाळेला क्रीडांगण आवश्यक ठरविले. परंतु शाळा सुटली की फाटकाला कुलूप लागते आणि ज्या वेळी मुलांना मैदान हवे, नेमक्या त्याच वेळी ते ओस पडते. खिडक्यांच्या काचा फुटतील, कोणी जखमी झाल्यास जबाबदार कोण, असे संस्थाचालक विचारतात. प्रश्न रास्त आहेत. मात्र त्यांची उत्तरे अशक्य नाहीत. आधीच अशैक्षणिक कामांनी वाकलेल्या शिक्षकावर हा भार टाकू नये. पालकांनी पाळीपाळीने उपस्थित राहावे, महापालिकेने शारीरिक शिक्षणाच्या एखाद्या पदवीधरास मानधन द्यावे आणि किरकोळ नुकसानीची तरतूद करावी. २०२६-२७ च्या सिंहस्थासाठी रस्ते, पूल, घाट यांचे मोठमोठे आराखडे आखणाऱ्या शहराला रोज संध्याकाळी पाच ते सात पटांगणे उघडी ठेवण्याचा खर्च जड वाटू नये.

शाळांनीही आपल्या वेळापत्रकाकडे पाहावे. दहावीच्या वर्गात शारीरिक शिक्षणाचा तास गणिताला बहाल करण्याची प्रथा इतकी रुळली आहे की, त्यात काही वावगे आहे असे कोणाला वाटतच नाही. मुलींचा विचार तर स्वतंत्रपणे करावा लागेल. बाराव्या-तेराव्या वर्षी त्या मैदानावरून नाहीशा होतात आणि त्यांची कोणी चौकशीही करीत नाही. ज्या जिल्ह्यातील सावरपाड्याच्या कविता राऊतने २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटर शर्यतीत कांस्यपदक मिळविले, त्या जिल्ह्याला हे शोभत नाही. अर्थात प्रत्येक मुलीने पदकच आणले पाहिजे असे नाही. दमेपर्यंत धावण्याचा आणि मनमोकळे ओरडण्याचा अधिकार तिला मिळाला, तरी पुरे.

मुलाच्या हातून मोबाइल हिसकावून घेणे सोपे आहे. रिकाम्या झालेल्या त्या हातात काय द्यायचे, हा खरा प्रश्न आहे. त्या हाताला चेंडू द्यावयाचा असेल, तर आधी शाळेच्या फाटकाचे कुलूप निघाले पाहिजे. येत्या पालकसभेत मुलांच्या तक्रारी मांडण्यापूर्वी त्या कुलपाची किल्ली कोणाकडे आहे, एवढे प्रत्येक पालकाने आणि शिक्षकाने अवश्य विचारावे.