बाई उमेदवार, पण कोणाची?



निवडणुकीला बाई उभी राहिली की आपल्याला आनंद होतो. तो होऊ द्यावा, पण तिथेच थांबू नये.

२०१० साली मेग व्हिटमन अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या. ईबे कंपनीचा दहा वर्षं कारभार पाहून त्या अब्जाधीश झाल्या होत्या. कंपनी चालवली तसं राज्यही चालवू, हा त्यांचा दावा. प्रचारात स्वतःचे सुमारे १४ कोटी डॉलर ओतले. मतदानाला महिनाभर उरला असताना त्यांच्या घरी नऊ वर्षं राबलेली एक स्थलांतरित बाई पुढे आली. आपल्याकडे कायदेशीर कागदपत्रं नाहीत, हे तिने २००९ मध्ये सांगितलं तेव्हा तिला कामावरून काढलं होतं. थकलेली मजुरी आणि प्रवासखर्च यांचा तिचा दावा अखेर साडेपाच हजार डॉलरवर मिटला. व्हिटमन निवडणूक हरल्या.

एका बाईचं सार्वजनिक जीवन दुसऱ्या बाईच्या कष्टांवर उभं असतं, आणि त्या कष्टांचा हिशेब प्रचाराच्या खर्चात कुठेच दिसत नाही.

लोकसभेत आणि विधानसभांत स्त्रियांना एक तृतीयांश जागा देणारी घटनादुरुस्ती आपल्याकडे २०२३ मध्ये मंजूर झाली. ती आपल्या चळवळीची कमाई आहे. पण त्या जागांवर फक्त पैसेवाल्याच उभ्या राहिल्या तर? घरेलू कामगारांसाठी महाराष्ट्रात २००८ साली कायदा झाला. मत मागायला येणाऱ्या प्रत्येक उमेदवाराला, बाई असो वा पुरुष, विचारू या : तुमच्या घरी काम करणाऱ्या बाईला पगार किती? सुट्टी किती?

उत्तर ऐकू, मगच मत देऊ.