तोडायचे यंत्र आहे, चिरायचे द्या

प्रति,
मा. अध्यक्ष,
जिल्हा आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरण

विषय : वादळात पडलेली झाडे जागेवरच चिरण्यासाठी मोठ्या चेनसॉचे संच मिळण्याबाबत

महोदय,

आम्ही किनारपट्टीच्या वाड्यांमध्ये चेनसॉ चालवणारे, माडावर चढणारे आणि सुतारकाम करणारे लोक आहोत. वादळ आले की पहिला फोन आम्हाला येतो. 3 जून 2020 च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रस्ते मोकळे करायला आम्हीच होतो आणि पुढच्या वर्षी मे महिन्यात तौक्ते आले तेव्हाही आम्हीच होतो. त्या कामाबद्दल आमची तक्रार नाही. तक्रार आहे ती रस्ता मोकळा झाल्यावर जे होते त्याबद्दल.

एक उदाहरण देतो. एका वाडीत आजोबांच्या हातचा फणस मुळासकट आडवा झाला होता. बुंध्याचा घेर आठ फूट, म्हणजे व्यास अडीच फुटांचा. मालकाला घराच्या दारांसाठी फळ्या हव्या होत्या. पण वाडीत जायला दोन गडग्यांमधली चार फुटांची पाणंद. टेम्पो आत जाईना, क्रेनचा तर प्रश्नच नाही. शेवटी आम्हीच त्या बुंध्याचे तीन-तीन फुटांचे तुकडे केले आणि ते जळणाच्या भावाने गेले. हळदीसारखा पिवळाजर्द भुसा दोन दिवस वाडीत पडून होता. सुतारकाम करणाऱ्या माणसाला तो बघवत नाही.

पूर्वी अशी वेळ आली की करवतकार बोलवत. ओंडका घोडीवर चढवायचा, एक माणूस वर, एक खाली, आणि दिवसभर करवत ओढायची. ते हात आता उरले नाहीत. ओंडका गिरणीपर्यंत नेता येत नसेल, तर गिरणीचे काम ओंडक्यापाशी न्यावे लागेल. मोठ्या चेनसॉला चौकट लावून ओंडक्यावरून सरकवत नेली, की एकसारख्या जाडीची फळी निघते. ही पद्धत जगभर वापरात आहे. आमच्या सगळ्या मागण्यांचे मूळ एवढेच आहे, की तोडणे वेगळे आणि चिरणे वेगळे, हे खरेदी करताना लक्षात घ्यावे.

हे आम्ही स्वतःच्या चुकीतून शिकलो. वर्गणी काढून 58 सीसीचे, 22 इंची बारचे यंत्र घेतले, त्याला चौकट लावली आणि फणसावर चढवले. पहिली फळी निघाली, टाळ्या पडल्या. दुसऱ्या फळीच्या मध्यावर जळका वास आला आणि यंत्र थांबले ते थांबलेच. उघडून पाहिले तर पिस्टनवर उभे ओरखडे. यंत्राला दोष देण्यात अर्थ नाही, आम्ही बैलाच्या जागी जुंपलेले वासरू होते ते. आडवे तोडताना यंत्र अर्धा-एक मिनिट पूर्ण जोरात चालते आणि मग श्वास घेते. उभे चिरताना आठ फुटांचा ओंडका संपेपर्यंत ते तसेच चालवावे लागते, मध्ये उसंत नाही. त्यात धाग्याच्या दिशेने कापताना ओढही जास्त बसते. छोटे इंजिन तापते, मिश्रणात हवेच्या मानाने पेट्रोल-तेल जरा कमी पडले की आणखी तापते, आणि मग व्हायचे ते होते.

म्हणून पहिली मागणी इंजिनाबद्दल. फूटभर रुंदीच्या ओंडक्याला 60-70 सीसी पुरते. फणस, आंबा, चिंच यांचे दोन-अडीच फुटी बुंधे चिरायचे तर 90 सीसीच्या खाली जाऊ नये, आणि त्याहून रुंद कामाला 120 सीसीच्या आसपासचे यंत्र लागते. तुलनेसाठी सांगतो. स्टील (Stihl) कंपनीचे एमएस 382 हे 72.2 सीसीचे, 3.9 किलोवॅटचे यंत्र तोडणीला उत्तम आहे. त्याच कंपनीचे एमएस 881 हे 121.6 सीसीचे, 6.4 किलोवॅटचे. वजन बार-चेन सोडून दहा किलोच्या घरात, पण चौकटीत बसवल्यावर वजन ओंडका पेलतो, माणूस नाही. अमुक कंपनीचेच घ्या असा आमचा आग्रह नाही. निविदेत सीसी आणि किलोवॅट लिहा, साखळीचा ब्रेक सक्तीचा करा, आणि पिस्टन, क्लच, स्टार्टर हे सुटे भाग जिल्ह्यात मिळतील याची लेखी हमी घ्या. नगांची संख्या मोजून खरेदी केली तर एका मोठ्या यंत्राच्या पैशात अनेक छोटी येतील, कागदावर ते छान दिसेल, आणि फणस पुन्हा जळणात जाईल.

बारचेही तसेच आहे. चौकटीचे दोन शिकंजे बारची चार-सहा इंच लांबी खातात. म्हणजे 36 इंची बारवर तीस-एकतीस इंचांचाच ओंडका चिरता येतो. आमच्याकडच्या बुंध्यांना 36 आणि 42 इंची असे दोन बार पुरतील. त्याहून लांब बार घेऊ नये, तो मध्ये झोल खातो आणि फळी पोटात जाड येते. एवढ्या लांब बारच्या टोकापर्यंत यंत्राचा स्वतःचा तेलपंप नीट पोचत नाही, म्हणून टोकाकडून थेंब थेंब तेल सोडणारी वेगळी तेलटाकी संचात हवीच. आणि तेल म्हणजे बारचे तेल. गॅरेजमधले काळे तेल वापरायची आपल्याकडे सवय आहे, आम्हालाही होती. त्यातला धातूचा कीस बार आणि पंप दोन्ही खातो, शिवाय ते तेल वाडीच्या मातीत उतरते आणि वाडीत विहीर असते.

चेनबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सगळ्यात जास्त घोटाळा इथेच होतो. दुकानात मिळते ती चेन आडवे तोडण्याची, तिच्या दाताला साधारण 30 अंशांची तिरकी धार असते. उभ्या चिरण्याच्या चेनची धार 10 अंशांची असते. तोडायची चेन चिरायला लावली तर फळीवर नांगरटीसारखे ओरखडे येतात, रंधा मारता मारता सुताराचा जीव जातो आणि यंत्र विनाकारण झगडते. तेव्हा प्रत्येक बारमागे चिरण्याच्या किमान चार चेन द्याव्यात. सोबत कानस द्यावी तीही मापाची : 3/8 पिचच्या चेनला 5.2 मिलिमीटरची, .404 पिचला 5.5 मिलिमीटरची. धार लावताना दातापुढचा उंचवटा किती घासायचा हे मापणारी पट्टीही हवी. ही पट्टी चहा-नाश्त्याच्या खर्चात येते, म्हणूनच बहुधा खरेदीच्या यादीत राहून जाते.

संचात एक गोष्ट अशीही मागतो आहोत की वाचून हसू येईल : हातात धरायचे धातुशोधक यंत्र. वाडीतले झाड हे जंगलातले झाड नव्हे. त्याला कुणी कपडे वाळत घालायची तार बांधलेली असते, कुणी कुंपणाची काटेरी तार ठोकलेली असते, कुणी पाटी लावलेली असते. झाड ते सगळे पोटात घेते आणि वरून साल चढवते. एका आंब्याच्या बुंध्यात सालीपासून चार बोटे आत आम्हाला घोड्याचा नाल सापडला, आणि तो शोधून काढायला एका नव्या चेनचे सगळे दात खर्ची पडले.

पहिला काप सरळ यावा म्हणून ओंडक्यावर ठोकायला ॲल्युमिनियमची सरळ शिडी लागते. बांबूची चालत नाही. पहिला काप वाकडा गेला की पुढची प्रत्येक फळी त्याच वाकड्या वाटेने जाते.

या पद्धतीची खोटही सांगून टाकतो, नाहीतर उद्या आपणच विचाराल. चेनचा काप तीन सुतांचा असतो, पट्टी-करवतीचा एका सुताच्याही आत. इंचाची, म्हणजे आठ सुतांची फळी काढली तर प्रत्येक अकरा सुतांतले तीन सूत भुसा होतो, पाव हिश्श्याहून जास्त. म्हणून या संचाने पातळ फळ्या काढू नयेत. दोन-अडीच इंची जाड फळ्या आणि चौरस वासे काढावेत. पाणंदीतून ते चार माणसांच्या खांद्यावर निघतात, मग बारीक चिराई परवानाधारक गिरणीत करावी. गिरणीवाल्यांचा धंदा यात बुडत नाही, वाढतो.

आता कायद्याचे. आंबा आणि फणस ही दोन्ही झाडे 1964 च्या राज्याच्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत आहेत. करवत गिरण्यांवर सर्वोच्च न्यायालयाच्या 12 डिसेंबर 1996 च्या आदेशापासून आलेली बंधने आणि केंद्राची 2016 ची मार्गदर्शक तत्त्वे आम्हाला माहीत आहेत, मान्यही आहेत. जंगल राखायला ती हवीतच. पण मालकाच्या वाडीत वादळाने पडलेले झाड मालकाच्याच वापरासाठी चौकटीतल्या चेनसॉने चिरले, तर ती गिरणी ठरते का, याचे उत्तर आम्हाला दर टेबलावर वेगळे मिळते. वन विभागाशी बोलून एका पानाचे लेखी परिपत्रक काढावे. नुकसानीच्या पंचनाम्यातच झाडाची जात, घेर आणि लांबी लिहावी आणि त्याच नोंदीवर आठ दिवसांत चिराईची परवानगी द्यावी. आठ दिवस हा आकडा उगाच नाही. आंब्याचे लाकूड पावसाळी हवेत पडून राहिले की काळे-निळे डाग धरते आणि त्यात भुंगा शिरतो. महिन्याने आलेली परवानगी ही भुसा करायची परवानगी असते.

माणसांबद्दल. तोडताना माणूस उभा असतो, चिरताना यंत्राशेजारी वाकून चालतो, धूर आणि बारीक भुसा थेट तोंडावर. आवाज शंभर डेसिबलच्या वर. हेल्मेट, कानाची बोंडे, मास्क आणि चेन अडवणारी पँट प्रत्येक संचामागे दोन जोड हवेत. त्या पँटच्या आत लांब धाग्यांचे थर असतात, चेन लागली की ते ओढले जाऊन चक्रात गुंततात आणि चेन थांबते. मे महिन्यात कोकणात ती घालणे म्हणजे मोदकपात्रात बसण्यासारखे आहे हे आम्ही जाणतो, आमची पोरे ती काढून ठेवतात हेही खरे. म्हणून एका संचाला दोन चालक नेमावेत आणि वीस मिनिटांनी हात बदलावा. हाताला मुंग्या येऊ लागल्यावर थांबणे उशिराचे असते. विमा हवा हे वेगळे सांगायला नको.

संच कुणाच्या मालकीचे करू नयेत. प्रत्येक किनारी तालुक्यात एक संच अवजार बँकेच्या धर्तीवर भाड्याने द्यावा, भाड्यातून चेन, तेल आणि दुरुस्ती भागावी, आणि चालकांना पाच दिवसांचे प्रशिक्षण असावे. त्यातले दोन दिवस नुसती धार लावण्याचे. ज्याला धार लावता येत नाही त्याच्या हाती हे यंत्र देऊ नये, मग तो कुणाचाही भाचा असो.

आमच्याकडे एक फणसाचा ओंडका शिल्लक आहे, सव्वादोन फुटी, नऊ फूट लांब. तो दोन्ही टोकांना चुना फासून, झावळांखाली झाकून ठेवला आहे. आपण किंवा आपल्या प्रतिनिधीने दिवस कळवावा. यंत्र आम्ही भाड्याने आणू, पेट्रोल आमचे. फळी हातात घेऊन बोलू.

आपले नम्र,
किनारपट्टीवरील चेनसॉ चालक व सुतार यांच्या संघटनेचे सभासद