निष्ठा मालावर की साखळीवर?

सुगी उरकून हातात चार पैसे आले, की तालुक्याच्या मंगल कार्यालयात एक वेगळीच वर्दळ सुरू होते. सूट-टाय घातलेला वक्ता समोर बसलेल्या पोरांना विचारतो, ‘‘बापानं जन्मभर शेती केली, काय मिळालं?’’ पोरांकडे उत्तर नसते. मग नेटवर्क मार्केटिंगचा मंत्र सांगितला जातो : सहा माणसे जोडा, मानसिकता बदला, निष्ठा ठेवा. घरचे नको म्हणतील, त्यांचे ऐकू नका.

निष्ठा शेतकऱ्याला कुणी शिकवायला नको. रात्रीच्या लाइटीला पाणी धरणारा गडी आणि पहाटे धार काढणारी बाई निष्ठेनेच जगतात. पण पीक गेले तर आपण कारण शोधतो. पावसाने ताण दिला का, बियाणे खोटे निघाले का, भाव पडला का? या धंद्यात मात्र कारण एकच सांगतात, ‘‘तुमचीच मानसिकता कमी पडली.’’ योजना कधीच चुकत नाही, चुकतो तो माणूस! त्यामुळे पैसे गेलेला तक्रारही करत नाही, लाजेने गप्प बसतो.

जरा हिशेब करू. एकाने सहा जोडले, त्या सहांनी प्रत्येकी सहा जोडले, की 36 होतात. पुढे 216, मग 1,296. पाचव्या पायरीला 7,776 माणसे लागतात. एवढी माणसे आपल्या किती गावांत आहेत? बाराव्या पायरीला 217 कोटी लागतील, म्हणजे अख्खा देश पुरणार नाही. साखळी कुठे तरी तुटणारच, आणि तुटते तेव्हा सर्वांत जास्त माणसे खालच्याच पायरीवर उभी असतात. तिथे निष्ठा काय करणार?

प्रत्येक कंपनी खोटी, असे आमचे म्हणणे नाही. माल चांगला असेल, रास्त भावात गिऱ्हाईक मिळत असेल, तर घरोघरी जाऊन विकणे हा इमानाचा धंदा आहे. खूण साधी आहे. साखळीत नसलेला माणूस तो माल त्या भावाला घेईल का? नसेल घेत, तर विक्री मालाची नाही, माणसांची चालली आहे. नुसता पैसा फिरवणाऱ्या योजनांवर 1978 च्या कायद्याने बंदी आहे. थेट विक्रीसाठी केंद्राने 2021 मध्ये केलेल्या नियमांतही पिरॅमिड योजनेला मनाई आहे. ‘‘माणसे आणा, तुमचे पैसे वसूल होतील’’ असे सांगून माल गळ्यात मारणेही या नियमांत बसत नाही. विक्रेत्याने ओळखपत्र बाळगले पाहिजे, आणि आधी वेळ ठरवूनच घरी आले पाहिजे.

हल्ली पिकांची टॉनिकेही याच वाटेने शिवारात येतात. खत असो की कीटकनाशक, विकणाऱ्याकडे परवाना लागतो. जैव-उत्तेजकेही 2021 पासून खत नियंत्रण आदेशाखाली आली आहेत. बाटली भावकीतल्या माणसाने आणली म्हणून पक्की पावती मागायला संकोच करू नका. पावती नसेल, तर पीक जळाल्यावर दाद कशाच्या जोरावर मागणार?

आमची खरी काळजी पैशापुरती नाही. साखळी पहिल्यांदा जोडली जाते ती मेव्हण्याला, सोयऱ्याला, बांधावरच्या शेजाऱ्याला. सोसायटीच्या कर्जाला जामीन राहणारा तोच, अडल्या वेळी बैल देणाराही तोच. एकदा का तो फसला, की पंचवीस वर्षांचा शब्द मोडतो. तो कोणती कंपनी भरून देणार?

म्हणून ग्रामसेवक, तलाठी आणि गुरुजींना एक विनंती. पूर्वपरवानगीशिवाय व्यापार करणे आपल्या सेवानियमांत बसत नाहीच. शिवाय आपण बोलावले, की गावकरी खुर्चीकडे बघून पैसे भरतात. गावच्या सभागृहात असल्या बैठकांना जागा देण्याआधी कागदपत्रे तपासा, आणि ग्रामसभेत हा सहाचा हिशेब फळ्यावर मांडून दाखवा. ज्यांचे पैसे अडकले आहेत त्यांनी लाज न बाळगता पोलिसांत जावे किंवा 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करावी.

पोरांनो, मानसिकता जरूर बदला. पण आधी हिशेब विचारण्याची मानसिकता अंगी आणा.